मुक्तागिरी : मेंढ्याच्या कानी पडलेला मंत्र

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, जळगाव जामोद आणि संग्रामपूर या तालुक्यांत, घराच्या गच्चीवर उभे राहिले की सातपुड्याची निळसर रांग क्षितिजावर आडवी पसरलेली दिसते. दुकानाची फळी उघडताना आणि सायंकाळी हिशेब मिटवताना जी रांग पिढ्यान्‌पिढ्या डोळ्यांसमोर आहे, तिच्याकडे मुद्दाम पाहण्याचे प्रयोजन सहसा पडत नाही. हीच रांग अंबाबरव्याच्या रानातून पूर्वेकडे सरकते, नरनाळ्याचा किल्ला खांद्यावर घेते, मेळघाटाच्या दाट सागवानात शिरते, गाविलगडापाशी उंच होते आणि अचलपूरच्या वर एका अरुंद, झाडीने भरलेल्या घळीत एकदम थबकते. त्या घळीत मुक्तागिरी आहे. खामगाव, मलकापूर, शेगावकडील यात्रेकरू अकोट, अंजनगाव सुर्जी आणि परतवाडा असा डोंगराच्या पायथ्याने जाणारा रस्ता धरतात. मागच्या पिढीतील पुष्कळांना मूर्तिजापूरला मोठी गाडी सोडून अचलपूरच्या छोट्या ‘शकुंतले’त बसल्याचे स्मरत असेल. कापसाच्या गाठी वाहण्यासाठी घातलेल्या त्या अरुंद रुळांवरून यात्रेच्या शिदोऱ्याही कितीतरी वर्षे गेल्या.

या डोंगराचे जुने नाव मेंढागिरी. प्राकृत निर्वाणकांडात सिद्धक्षेत्रांची जी वंदना आहे, तीत अचलपूर नगराच्या ईशान्येस असलेल्या मेढगिरीच्या शिखरावरून साडेतीन कोटी मुनी निर्वाणास गेल्याचे सांगितले आहे. ग्रंथातील दिशा आजच्या नकाशाशीही जुळते. साडेतीनसाठी त्या गाथेत जो प्राकृत शब्द येतो, तो व्यापारी घराण्यांना परका वाटू नये. प्राकृत ‘आहुट्ठ’ म्हणजेच मराठी ‘औट’. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी पाठ करून जी मुले पेढीवर बसत, त्यांच्या जिभेवर औटकीही असे. गणकयंत्र आले आणि औटकी गेली. परंतु निर्वाणकांड म्हणणाऱ्या घरांत तो शब्द रोज उच्चारला जातो, बहुधा अर्थ न कळता.

क्षेत्राचा पत्ता मात्र अनेकांना चकवतो. मुक्तागिरी आज मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात, भैंसदेही तहसिलीत मोडते. जाण्यायेण्याची वहिवाट, भाषा आणि यात्रेकरू मात्र बव्हंशी वऱ्हाडचे. ब्रिटिश काळात वऱ्हाड आणि मध्य प्रांत यांची सीमा याच डोंगराच्या पायथ्याशी होती, आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात आला तेव्हा तीच रेघ दोन राज्यांची सीमा झाली. परतवाड्याहून पंधरा किलोमीटरच्या आत राज्य बदलते. भाविकाला याची जाणीव झालीच तर भ्रमणध्वनीवर येणाऱ्या संदेशावरून होते.

डोंगरावर बावन्न मंदिरे आहेत. पांढऱ्याशुभ्र, घुमटाकार, एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभी असलेली ही मंदिरे खालून पाहताना कोणी कातळाच्या पायऱ्यांवर दिवे मांडून ठेवावेत तशी दिसतात. त्यांच्यामधूनच पावसाळ्यात धबधबा कोसळतो. स्थापत्याचा इतिहास लिहिणाऱ्या जेम्स फर्ग्युसनने एकोणिसाव्या शतकात या स्थानाची मुद्दाम दखल घेतली. जैनांची तीर्थे बहुधा शिखरावर असतात, हे मात्र झाडीने भरलेल्या खोल दरीत, धबधब्याच्या पायाशी आहे, हे त्याच्या नजरेने अचूक टिपले. घुमटांची घडण मुसलमानी वास्तूंसारखी आहे हेही त्याने नोंदले. वऱ्हाडावर अनेक शतके सुलतानी अंमल होता आणि गवंडी त्याच मातीतले होते, तेव्हा त्यात नवल नाही. मूर्तींवरील लेख बहुतेक पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून पुढचे आहेत. तथापि दहाव्या क्रमांकाचे, मेंढागिरी नावानेच ओळखले जाणारे मंदिर खडकात कोरलेले असून, त्याचे खांब आणि छत यांवरील कोरीव काम पाहता ते इतरांहून पुष्कळ जुने आहे हे सामान्य यात्रेकरूच्याही लक्षात येते. सव्विसाव्या मंदिरातील सप्तफणी पार्श्वनाथ हे क्षेत्राचे मुख्य दैवत.

सम्मेदशिखराची सत्तावीस किलोमीटरची वंदना किंवा गिरनारच्या दहा हजार पायऱ्या ज्यांनी केल्या आहेत, त्यांना मुक्तागिरीची चढण किरकोळ वाटेल. गुडघेदुखीने शिखरजीचा नाद सोडलेली वडीलधारी मंडळीही येथे काठी टेकीत वर जातात. क्षेत्राची थोरवी चढणीत नाही. ती त्याच्या दोन कथांत आहे.

पहिली कथा दहावे तीर्थंकर भगवान शीतलनाथ यांच्या समवसरणाची. समवसरण येथे आले तेव्हा मोत्यांची वृष्टी झाली, म्हणून हा मुक्तागिरी, अशी परंपरा आहे. ‘मुक्ता’ म्हणजे मोती आणि ‘मुक्त’ म्हणजे सुटलेला. ज्या डोंगरावरून कोट्यवधी मुनी सुटले त्याला हे नाव दोन्ही अंगांनी शोभते, आणि कोणता अर्थ आधीचा याचा काथ्याकूट करण्याची भाविकाला गरज वाटलेली नाही.

दुसरी कथा साधी आहे. एक मुनिराज या डोंगरावर ध्यानस्थ बसले होते. वरच्या कड्यावरून एक मेंढा पाय घसरून त्यांच्यापुढे येऊन पडला. ध्यान पूर्ण होताच मुनिराजांची दृष्टी त्याच्यावर गेली. मेंढा तडफडत होता. मुनिराजांनी त्याच्या कानाशी णमोकार मंत्र उच्चारला. मेंढ्याने शांतपणे प्राण सोडला आणि तो देवगतीस गेला. देव झाल्यावर त्याला पूर्वभव आठवला, आपल्यावर उपकार करणाऱ्या मुनिराजांच्या दर्शनासाठी तो याच डोंगरावर परत आला आणि त्याने केशराची वृष्टी केली. अष्टमी, चतुर्दशी आणि पौर्णिमा या तिथींना आजही येथे रात्री केशराचे थेंब पडतात अशी श्रद्धा आहे. सकाळी पायऱ्यांवर पिवळसर ठिपके शोधणारे यात्रेकरू दरवर्षी असतात. ज्यांना दिसतात ते आनंदाने खाली येतात. ज्यांना दिसत नाहीत तेही फारसे खट्टू झालेले आढळत नाहीत.

या कथेत मुनिराजांनी काय केले नाही, हेही पाहण्यासारखे आहे. त्यांच्यापाशी औषध नव्हते, पाणी नव्हते, जखमेवर बांधायला चिंधीसुद्धा नव्हती. निर्ग्रंथाजवळ ती असणार कोठून? त्यांनी मेंढ्याला वाचवले नाही, चमत्कार करून उठवलेही नाही. जे एकच धन त्यांच्यापाशी होते ते त्याच्या कानात घातले. आणि ज्याला दिले तो श्रावक नव्हता, संघपती नव्हता, दान देऊ शकेल असा कोणीही नव्हता.

मेंढ्याला मंत्र कसा कळेल, असा प्रश्न पाठशाळेतील मुले नेहमी विचारतात. प्रश्न योग्य आहे, आणि आगमात त्याला स्पष्ट उत्तरही आहे. मन असलेला पंचेंद्रिय तिर्यंच सम्यक्त्व मिळवू शकतो, इतकेच नव्हे तर अणुव्रती श्रावकाच्या पाचव्या गुणस्थानापर्यंत चढू शकतो. मंत्रातील शब्दांची जादू हे येथील कारण नव्हे. पाच परमेष्ठींना केलेल्या त्या वंदनेत कोणा व्यक्तीचे नाव नाही आणि काही मागणेही नाही. वेदनेने आणि भीतीने पेटलेला जीव त्या आवाजापाशी क्षणभर निवला, त्याचे परिणाम शांत झाले, आणि गती ठरली ती त्या परिणामांवरून. पार्श्वकुमारांनी जळत्या लाकडातील नागयुगुलाला ऐकवलेला मंत्र, जीवंधरकुमाराने मरणाऱ्या कुत्र्याला ऐकवलेला मंत्र, या कथा त्याच कुळातल्या. मेंढागिरीच्या डोंगरावर सप्तफणी पार्श्वनाथ मुख्य असावेत यातही एक संगती लागते. नागाच्या कानी मंत्र घालणाऱ्याच्या दारात मेंढ्याची कथा नांदते आहे.

कथेचा शेवटही नीट ऐकावा असा आहे. मेंढा देव झाला, सिद्ध झाला नाही. देवगतीतून मोक्ष नाही, त्यासाठी मनुष्यजन्मच हवा. म्हणजे केशर उधळणारा तो देव ज्या दुर्मिळ संधीची वाट पाहत असेल, ती संधी खाली पायऱ्यांवर ठिपके शोधणाऱ्या माणसाला मिळूनही गेली आहे.

जैन घरांत ही कथा डोंगरावर राहिलेली नाही. घरातील वृद्ध माणूस शेवटच्या घटका मोजू लागला की कोणीतरी उशाशी बसून णमोकार म्हणू लागते. दिगंबर असो, मंदिरमार्गी असो वा स्थानकवासी, या एका बाबतीत घराघरांत फरक दिसत नाही. सून माहेरहून कोणता उच्चार घेऊन आली, ‘णमो’ की ‘नमो’, याकडे त्या क्षणी कोणी लक्ष देत नाही. अलीकडे माणसे अतिदक्षता विभागात, काचेपलीकडे जातात. मग परिचारिकेला विनंती करून उशाशी भ्रमणध्वनी ठेवला जातो आणि त्यावर ध्वनिफीत लावली जाते. अडचणीच्या वेळी याला नावे ठेवणे बरे नव्हे. पण काचेच्या अलीकडे, घरच्या दिवाणखान्यात, शुद्ध हरपण्याच्या कितीतरी आधी, वडील माणसाजवळ बसून दोन घटका मंत्र म्हणण्याला कोणत्याही इस्पितळाची आडकाठी नसते. मुनिराज मेंढ्यापाशी स्वतः गेले होते.

डोंगर पवित्र मानणे ही काही एका धर्माची मिरास नाही. चीनमधील ताओ पंथाची दहा थोर आणि छत्तीस लहान ‘गुहा-स्वर्गे’ आणि बहात्तर ‘मंगलभूमी’ यांची जुनी गणना प्रसिद्ध आहे, आणि ती बहुतांशी डोंगरांतच आहेत. अमर झालेल्या सिद्धपुरुषासाठी चिनी लिपीत जे अक्षर आहे ते माणूस आणि डोंगर या दोन चिन्हांच्या जोडणीने बनते. वुडांग नावाच्या त्यांच्या महान पर्वतावर झेनवू या राजपुत्राची कथा सांगतात. राज्य सोडून तो तपाला बसला, पण काही वर्षांनी धीर सुटून परत निघाला. वाटेत विहिरीपाशी एक म्हातारी लोखंडाचा जाड दांडा दगडावर घासत बसली होती. काय चालले आहे, असे विचारता ती म्हणाली की सुई करते आहे. राजपुत्र मागे फिरला आणि त्याने बेचाळीस वर्षांचे तप पूर्ण केले. पंधराव्या शतकाच्या आरंभी मिंग सम्राट योंगले याने त्या पर्वतावर प्रचंड मंदिरे उभारली. १९९४ साली त्यांची जागतिक वारशात गणना झाली.

वैराग्य, तप आणि डगमगणारे मन यांची ती कथा जैन श्रोत्याला जवळची वाटेल. फरक पुढे आहे. ताओ पर्वतावर सिद्ध झालेला पुरुष तेथे राहतो, राजासारखा आसनस्थ होतो, भक्ताचे गाऱ्हाणे ऐकतो. जैन सिद्धक्षेत्रावरून मात्र सिद्ध निघून गेलेला असतो. साडेतीन कोटींपैकी एकही आत्मा मुक्तागिरीवर नाही. सर्व लोकाग्री सिद्धशिलेच्या वर आहेत आणि कोणाच्याही नवसाला ते येणार नाहीत. म्हणूनच सिद्धक्षेत्रांवर चरणपादुकांना इतके महत्त्व. पाऊल म्हणजे जो येथून गेला त्याची खूण. भाविक त्या खुणेपुढे वाकतो आणि मोकळ्या हातांनी उतरतो.

मग रिकाम्या डोंगराची एवढी काळजी का करावी? याचे उत्तर शंभर वर्षांपूर्वी अचलपूरच्या व्यापाऱ्यांनी दिले, आणि तेही व्यापाऱ्यांच्याच रीतीने दिले.

वऱ्हाडात रयतवारी होती, पण सीमेपलीकडे मध्य प्रांतात मालगुजारी चाले. मुक्तागिरीचा डोंगर मंदिरांसह अमरावतीचे सुप्रसिद्ध वकील आणि लोकमान्य टिळकांचे सहकारी दादासाहेब खापर्डे यांच्या मालगुजारीत होता. मंदिरांत पूजाअर्चा चाले, पण भोवतालचे रान सर्वांना खुले होते. माणसे जोडे घालून, हत्यारे घेऊन डोंगरावर येत आणि शिकार करीत. ज्या कड्याखाली मेंढ्याच्या कानात मंत्र पडला, त्याच कड्यावर बंदुकीचा बार उडावा हे श्रावकांच्या जिव्हारी लागत होते. अचलपूरचे श्रेष्ठी नत्थूसा पासूसा कळमकर यांनी सहकाऱ्यांना सोबत घेतले आणि १९२३ साली खापर्डे यांच्याकडून तो डोंगरच खरेदी केला. मोर्चा नाही, दंगा नाही. खरेदीखत झाले आणि बंदुका थांबल्या.

हा सौदा खतावणीत कोणत्या खात्यावर टाकायचा, हे पेढीवरच्या माणसाने क्षणभर मनाशी ठरवून पाहावे. खडक, घळ आणि झाडी. ना कापूस पिकणार, ना भाडे येणार. ज्या वर्षांत वऱ्हाडातील पैसा सरकी, जिनिंग आणि प्रेसिंगमध्ये गुंतत होता, त्या वर्षांत कोणी भांडवल घालून शिकाऱ्याचा हक्क विकत घेतो आणि तो बुडवून टाकतो, म्हणजे त्याने अभयदानाची रोख रक्कम मोजली असेच म्हणावे लागेल. अपरिग्रहाचे व्रत सांगणाऱ्या धर्मात डोंगराची मालकी घेणे विसंगत वाटू शकते. परंतु ज्या मालकीतून मालकाला काहीच घ्यायचे नाही, आणि दुसऱ्यालाही जीव घेऊ द्यायचा नाही, तिला परिग्रह म्हणावे काय, हा प्रश्न विद्वानांनी जरूर चर्चावा.

ही भीती एकट्या अचलपूरची नव्हती. सम्मेदशिखराच्या डोंगरावर एका युरोपीय चहामळेवाल्याने डुकरांच्या चरबीचा कारखाना काढला होता. जैन समाज न्यायालयात गेला आणि १८९१ साली कलकत्त्याच्या उच्च न्यायालयापर्यंत झगडून त्याने तो बंद पाडला. पुढे १९१८ मध्ये तो डोंगरही पालगंजच्या राजाकडून विकत घेतला गेला. त्यानंतर आपसांतच जे दावे चालले त्यांची आठवण सुखद नाही, म्हणून ती येथे नको. डोंगराचा मालक दुसरा असेल तर डोंगरावर काहीही होऊ शकते, हा धडा मात्र त्या पिढीने पक्का गिरवला होता. मुक्तागिरीच्या खरेदीला शंभर वर्षे होत होती त्याच सुमारास, ५ जानेवारी २०२३ रोजी, केंद्र सरकारला सम्मेदशिखरावरील पर्यटनाच्या हालचालींना स्थगिती द्यावी लागली. त्यापूर्वीच्या दिवसांत विदर्भातील लहानलहान गावांतही जैन व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवून मूक मोर्चे काढले होते. पर्यटनस्थळ झाले की मांस आणि मद्य आपोआप वर चढते, ही त्यांची साधी तक्रार होती.

मुक्तागिरीवर आज बंदूक नाही. प्रश्न आहे तो धबधब्याचा. श्रावण-भाद्रपदात घळ हिरवीगार होते, पाणी पांढरे होऊन कोसळते, आणि विदर्भ-मध्य प्रदेशातून तरुण मंडळी गाड्या भरून येतात. त्यांतील पुष्कळांना येथे कोण सिद्ध झाले याची वार्ताही नसते. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण डोंगर सुंदर आहे आणि सौंदर्याला धर्माचा दाखला लागत नाही. पण त्यांच्यामागोमाग येणाऱ्या जैन घरांतील तरुणही तेवढेच पाहून, तेवढीच छायाचित्रे काढून परतत असतील, तर खरेदीखताचा उपयोग अर्धाच झाला. पादत्राणे खाली काढण्याचा नियम दोघांनाही पाळावा लागतो. दोघांपैकी एकाला तरी तो का आहे हे ठाऊक असावे.

कार्तिकी पौर्णिमेला येथे यात्रा भरते. पाऊस सरलेला असतो, धबधब्याची धार बारीक झालेली असते आणि सागाची पाने जाड, खरखरीत झालेली असतात. चातुर्मास संपून साधुसंतांचे विहार सुरू होत असतात, आणि इकडे कापसाची पहिली वेचणी बाजारात येऊ लागल्याने व्यापाऱ्याला पेढी सोडवत नाही. तरीही अकोला, वाशीम, बुलढाणा, अमरावती या जिल्ह्यांतून माणसे येतात. दहाव्या मंदिरात उजेड कमी असतो. पाठीमागे रांग असते, त्यामुळे फार वेळ थांबता येत नाही. आजी नातवाला खांबावरील नक्षी दाखवते, मेंढ्याची गोष्ट घाईघाईने दोन वाक्यांत सांगते, आणि बाहेर पायरीवर बसल्यावर नातू विचारतो की मुनिराज मेंढ्याच्या कोणत्या कानात बोलले. आजीला ते माहीत नसते. ती उजव्या कानात म्हणून सांगते.